नकाशाचित्रांची तयारी : पाऊस सरल्यापासून गणपतीपर्यंत

कोकणातल्या गावांची, खाड्यांची नकाशावर आधारलेली मिश्रमाध्यमातील चित्रे करून विकायची असतील, तर मूळ नकाशा कोणता घ्यायचा हे रंग आणि कागद यांच्याही आधी ठरवावे; कारण चाकरमानी अशा चित्रापुढे उभा राहिला की त्याचे बोट प्रथम स्वतःच्या वाडीकडे जाते, आणि तेथे काही चुकलेले दिसले तर उरलेली कारागिरी तो पाहत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांच्या वापराच्या अटी नीट वाचाव्यात. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरील हक्क ६० वर्षे टिकतो, म्हणून जुन्या नकाशावर छापलेले प्रकाशनवर्ष आपल्या वहीत नोंदवून ठेवावे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या ऑनलाइन नकाशाची माहिती विक्रीच्या कामातही चालते, मात्र तिच्या योगदात्यांचा उल्लेख करावा लागतो. संपूर्ण भारताची सीमारेषा चित्रात येणार असेल, तर ती सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच हवी. तसे नसलेला नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे. जुना अस्सल नकाशा हाती आला, तर त्याला कात्री लावू नये. त्याचे स्कॅन करून छापील प्रतीवर काम करावे.

भूमी अभिलेख खात्याचा गावनकाशा दिसायला मोहक असतो, परंतु त्यातील गट क्रमांक आणि बांधांच्या रेषा चित्रात आणू नयेत असे माझे ठाम मत आहे. भाऊबंदकीचे वाद कोकणात घराघरांत आहेत, आणि भिंतीवरच्या चित्राने त्यांत एका बाजूचा साक्षीदार होऊ नये. वाड्यांच्या नावांबाबतही तेवढीच काळजी घ्यावी. जुन्या नकाशांत जातिवाचक नावे सर्रास आढळतात. वस्त्यांची अशी नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे, तेव्हा आज तेथील रहिवासी कोणते नाव लावतात हे त्यांनाच विचारावे.

यानंतरची तयारी पायी करायची असते. १:५०,००० च्या नकाशावर वाशिष्ठी दाभोळपाशी, शास्त्री जयगडपाशी किंवा काजळी भाट्याजवळ समुद्राला कशी मिळते हे उत्तम दिसते. पण व्हाळावरचा साकव (ओढ्यावरचा लहान पूल), देवळाकडे चढणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), तरीचा (पलीकडे नेणाऱ्या होडीचा) धक्का आणि देवराईची खरी कड त्यावर क्वचितच सापडते, आणि गिऱ्हाइकाला नेमके तेच हवे असते. पाऊस सरल्यावर, वाटा मोकळ्या झाल्या की, नकाशाची साधी छापील प्रत घेऊन गावात फिरावे, जाणत्या माणसांबरोबर बसून नावे लिहून घ्यावीत, आणि एखाद्या जागेची दोन नावे चालत असतील तर दोन्ही टिपून ठेवावीत.

नकाशा मोठा करून छापला की त्यावर आकड्यांत लिहिलेले प्रमाण खोटे ठरते : दुप्पट केलेला १:५०,००० चा नकाशा प्रत्यक्षात १:२५,००० चा होतो. त्यामुळे आकडा गाळून रेषेची मोजपट्टी द्यावी, कारण ती नकाशाबरोबरच वाढते. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पुठ्ठ्यात कापून थरांचे चित्र करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मनात ठेवावा. १:५०,००० प्रमाणात लगतच्या दोन रेषांमधली २० मीटरची चढण अवघी ०.४ मिलिमीटर भरते, म्हणजे २ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याने उंची पाचपट दिसते. आपल्याकडच्या सड्यांना (जांभ्या दगडाच्या पठारांना) ही अतिशयोक्ती शोभते, कारण वरचा सपाट कातळ आणि खाडीकडे एकदम तुटणारा उतार त्यामुळे स्पष्ट होतो. मात्र सगळ्या चित्रांत ती सारखीच ठेवावी.

साहित्य जमवताना येथल्या दमट, खाऱ्या हवेचा विचार सर्वांत आधी करावा. आम्लविरहित, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद महाग पडतो, तरी त्यातच पैसे घालावेत. छपाई पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईची किंवा लेझरची असावी, आणि चिकटवण्यापूर्वी कोपऱ्यावर ओला कुंचला फिरवून शाई पसरत नाही ना हे पाहावे. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला कागद चिकटवला तर तो सुकताना पुठ्ठ्याला वाक आणतो, म्हणून पाठीमागेही तसाच कागद लावून चित्र वजनाखाली पूर्ण वाळू द्यावे. पिठाच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत किडीसाठी गुणकारी असली तरी मोरचूद विषारी आहे. त्याचे भांडे स्वयंपाकघरापासून वेगळे असावे. जांभ्याची तांबडी माती पाण्यात ढवळून, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू देऊन, त्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ वाळवला आणि बाभळीच्या डिंकात खलला की सड्यासाठी याहून योग्य रंग बाजारात मिळत नाही. काथ्या, फाटक्या जाळ्याचे तुकडे, पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीचे रुंद देठ) आणि जेवणातल्या तिसऱ्यांचे उकळून स्वच्छ केलेले शिंपले खुशाल वापरावेत. प्रवाळ आणि पंख्यासारख्या दिसणाऱ्या सागरी जीवांचे सांगाडे मात्र किनाऱ्यावर पडलेले मिळाले तरी उचलू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

चौकटीसाठी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) टाळावे, कारण ते ओल धरून फुगते. हूक पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, काच आणि चित्र यांच्यामध्ये पट्टी घालून अंतर ठेवावे, आणि पाठीमागे रबरी गुंड्या लावाव्यात, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल थेट कागदाला लागणार नाही. ओल्या कामाचे सर्व टप्पे मे महिन्याच्या आत उरकावेत. पावसाळ्यात फक्त चौकटी बसवणे, हिशेब आणि बांधणी हीच कामे ठेवावीत.

विक्रीच्या कागदपत्रांपैकी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. जीएसटीबाबत, विशेषतः परराज्यांत किंवा ऑनलाइन विकायचे असल्यास, कर सल्लागाराला विचारावे. किंमत ठरवताना साहित्य आणि चौकट यांबरोबर पायपिटीचे दिवस व वाया गेलेले कागदही धरावेत, कारण नवशिके नेमका हाच खर्च सोडून देतात आणि मग दुसऱ्या वर्षी काम परवडत नाही. मागणीचे चित्र असेल तर गिऱ्हाइकाकडून नावांची यादी लेखी घ्यावी, कच्चा आराखडा पाठवून त्याची संमती मिळवावी आणि आगाऊ रक्कम हाती आल्यावरच कागद कापावा.

चित्राच्या पाठीमागे मूळ नकाशाचा स्रोत व वर्ष, वापरलेली माध्यमे, मोजपट्टी दिली नसल्यास 'मापनासाठी नाही' ही सूचना आणि उन्हापासून जपण्याची विनंती छापलेली चिठ्ठी लावावी. शिंपले किंवा काथ्या चिकटवलेले चित्र नळकांड्यात गुंडाळता येत नाही. ते दोन कडक फळ्यांमध्ये, कोपऱ्यांना संरक्षण देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकमध्ये बंद करून पाठवावे. गणपतीत गावच्या घरी लावायची चित्रे श्रावणातच रवाना करावीत, कारण पुढे गाड्या आणि पार्सलची कार्यालये दोन्ही भरून जातात.