टू-व्हीलरचं लायसन काढताय? आधी हे वाचा

दहावी झाली की घरोघरी पोरं ॲक्टिव्हा मागतात, पण १६ व्या वर्षी मिळणारं लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला चालतं आणि ॲक्टिव्हा त्याच्या दुप्पट आहे, म्हणजे १८ पूर्ण होईपर्यंत चावी देऊच नका, पकडलं तर केस आईबापांवर, २५ हजार दंड आणि तुरुंगसुद्धा.

१८ झाले की सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, लर्निंगचा फॉर्म भरा, त्यात शक्यतो विथ गिअरच निवडा, त्यावर स्कूटरही चालते. लर्निंग ६ महिने टिकतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर पुढेमागे पांढऱ्यावर लाल एल लावा, मित्राला डबलसीट बसवू नका. टेस्टला आठच्या आकड्यात गाडी फिरवताना पाय टेकवायचा नाही, वळताना हात किंवा इंडिकेटर दाखवायचा.