पायथॉनमध्ये इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

कोऱ्या मशीनवर स्क्रिप्ट एकदा नीट चालली म्हणून ती लगेच टीममध्ये वाटू नका. त्याच मशीनवर पुन्हा चालवा. मग मध्येच कंट्रोल-सी दाबून तोडा आणि परत चालवा. खरी दुखणी तिथेच बाहेर येतात. उबंटूवर टूल्स बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुढच्या चुका हमखास सापडतात.

सगळ्यात महागात पडते ती गुपचूप होणारी चूक. ‘सबप्रोसेस.रन’ने चालवलेली कमांड फसली तरी पायथॉन आपणहून थांबत नाही, पुढच्या ओळीवर जातो. पॅकेज बसलेलंच नसतं आणि स्क्रीनवर ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असं येतं! प्रत्येक कॉलला ‘चेक=ट्रू’ द्याच. कमांडही सलग स्ट्रिंगऐवजी लिस्ट म्हणून द्या, म्हणजे फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी अडत नाही.

सूडोचा, म्हणजे रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून कमांड चालवण्याच्या सोयीचा, घोळ जास्त किचकट. अख्खी स्क्रिप्टच सूडोने चालवली, तर उबंटू 19.10 पासून ‘पाथ.होम’ रूटचं होम दाखवतं आणि तुमच्या कॉन्फिग फायली तिकडे जाऊन पडतात. सूडो फक्त पॅकेज बसवणाऱ्या ‘एप्ट-गेट’ कमांडपुरतं वापरा. तिथेही एक खाच आहे. प्रश्न विचारू नका असं सांगणारं ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह’ स्क्रिप्टमध्ये आधी सेट केलं, तरी सूडो बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग्ज) काढून टाकतं. मग एखादं पॅकेज टाइमझोन विचारतं आणि स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत लटकते. म्हणून आधी सूडो, मग ‘एन्व्ह’, मग हे व्हेरिएबल, मग ‘एप्ट-गेट’ असा क्रम ठेवा.

डेबियन 12 आणि उबंटू 23.04 पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने) थेट पॅकेज बसवू दिलं जात नाही. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय टाकून ही अडवणूक मोडू नका. तो पर्याय नावाप्रमाणेच वागू शकतो. प्रत्येक टूलला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे पायथॉन पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा, करा.

फोल्डर बनवताना ‘एक्झिस्ट_ओके=ट्रू’ लावा, म्हणजे तो आधीच असला तरी स्क्रिप्ट अडत नाही. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये) पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ते सांगणारी, ओळ जोडण्याआधी ती तिथे आहे का ते पाहा, नाहीतर दर वेळी एक ओळ वाढते.

डाउनलोड अर्धवट तुटलं की पुढच्या वेळी ‘फाइल आहे’ एवढंच बघणारी स्क्रिप्ट तीच तुटकी फाइल वापरते. तात्पुरत्या नावाने उतरवा, शा-256 (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणी कोड) जुळवा, मगच ‘ओएस.रिप्लेस’ने खरं नाव द्या. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टेम्प फोल्डर वेगळ्या फाइलसिस्टिमवर असेल तर ‘रिप्लेस’ एरर देऊन थांबतं.