अमेरिकेच्या बातमीत आधी कर्ता शोधा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. आता निवृत्त आहे आणि दुपारी अंबाजोगाईतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या लेकरांसोबत बसते. 6 नोव्हेंबर 2024 ला चार वाजून गेले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची बातमी घेऊन सगळ्यांचे मोबाइल वाजले: ‘ट्रम्प यांना विजयी घोषित करण्यात आले.’ एका पोरीनं विचारलं, “मॅडम, घोषित कुणी केलं?” मला फार आनंद झाला. बातमी वाचायची खरी सुरुवात इथूनच होते.

वही घ्या. बातमीतल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याला ‘कोण?’ विचारा. ‘करण्यात आले’, ‘समजते’, ‘मानले जाते’ असे शब्द आले की कर्ता दडलेला असतो. त्याला बाहेर ओढा.

त्या दिवशीचा कर्ता होता असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी ही वृत्तसंस्था. सरकार नव्हे! आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभराचा निकाल सांगणारी यंत्रणा तिथं नाहीच. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवतं. मतमोजणी प्रत्येक राज्य आपापली करतं आणि अधिकृत निकालाला पुढं कित्येक दिवस लागतात. मधली पोकळी बातमीदार भरतात. एपी हे काम 1848 पासून करते. मागे पडलेल्या उमेदवाराला आता गाठणं शक्य नाही, अशी खात्री पटली की ती विजेता सांगते. म्हणून वहीत ‘एपीच्या मते विजयी’ असं लिहा, नुसतं ‘विजयी’ नको. 2000 साली गोर आणि बुश यांच्या लढतीचा निकाल फ्लोरिडा राज्यावर अडला होता. वाहिन्यांनी ते आधी गोर यांना दिलं, मग काढून घेतलं, मग बुश यांना दिलं आणि तेही मागं घेतलं. शेवटी फरक निघाला 537 मतांचा. बुश यांना विजयी ठरवायला एपी त्या रात्री तयार झाली नाही. मला त्या थांबण्याचं फार मोल वाटतं.

दुसरी अवघड जागा ‘सूत्रांनुसार’. नाव नाही म्हणून बातमी खोटी, असं समजू नका. वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) वॉशिंग्टन पोस्टचे बातमीदार वुडवर्ड यांना माहिती देणारे मार्क फेल्ट हे एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते, हे 2005 मध्ये उघड झालं. त्या प्रकरणामुळं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला होता 1974 मध्ये. तुम्ही दोन गोष्टी तपासा: त्या माणसाला ही माहिती असण्याचं कारण बातमीत दिलंय का, आणि दुसऱ्या वृत्तपत्रानं ती स्वतः मिळवलीय का. दुसरं वृत्तपत्र ‘पोस्टच्या वृत्तानुसार’ म्हणत असेल, तर साक्षीदार एकच धरा.

‘न्यूयॉर्क टाइम्सचा हॅरिस यांना पाठिंबा’ (हॅरिस म्हणजे ट्रम्प यांच्या विरोधातल्या उमेदवार) या मथळ्यातही कर्ता अर्धाच आहे. पाठिंबा संपादकीय मंडळाचा असतो, बातमीदारांचा नव्हे. रात्रीच्या वाहिन्यांवर मतं मांडणारे निवेदकही असेच वेगळे धरा. आणि ‘काँग्रेस’ दिसलं की पक्ष आठवू नका, ती त्यांची संसद आहे.

कर्ता सापडला नाही तर जागा कोरी सोडा. तारीख टाका, पुढच्या बातम्यांत शोधत राहा. त्या पोरीनं ‘अधिकृत घोषणा कुणी केली’ यापुढं दोन महिने जागा सोडली होती. 6 जानेवारी 2025 ला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत राज्यांकडून आलेली निर्वाचकांची मतं (इलेक्टोरल व्होट्स) मोजली गेली, ट्रम्प 312 आणि हॅरिस 226. दुसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं धरली. कोऱ्या जागेत लिहिलं होतं: ‘कमला हॅरिस, उपराष्ट्राध्यक्ष या नात्यानं.’