पेनसिल्व्हेनियातल्या काँग्रेस लढतींचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेची मध्यावधी (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मधोमध होणारी) निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात यंदा सिनेटची जागा नाही. गव्हर्नरपद आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधीगृहाच्या १७ जागांसाठी मतदान होईल. २०२४ मध्ये यांतल्या १० रिपब्लिकनांनी आणि ७ डेमोक्रॅटांनी जिंकल्या. सगळ्या १७ जागा चाळत बसण्याची गरज नाही, कारण खरी चुरस चारच मतदारसंघांत आहे: पहिला (बक्स काउंटी, म्हणजे जिल्हा), सातवा (अ‍ॅलनटाउन, बेथलहेम, ईस्टन), आठवा (स्क्रँटन, विल्क्स-बॅरी) आणि दहावा (हॅरिसबर्ग, यॉर्क). चारही आज रिपब्लिकनांकडे आहेत. पिट्सबर्गजवळचा सतरावा अधूनमधून पाहावा. फिलाडेल्फियातल्या तिसऱ्यासारख्या जागांचा फैसला मे महिन्यातल्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच, होतो.

सुरुवात मतदारसंघाच्या झुकावापासून करा. अध्यक्षीय निवडणुकीत तिथे पडलेला फरक घ्या आणि त्यातून देशभरातला फरक वजा करा. २०२४ मध्ये ट्रम्प देशात सुमारे १.५ टक्क्यांनी पुढे होते. सातव्यात ते सुमारे ३ टक्क्यांनी पुढे होते, म्हणजे झुकाव रिपब्लिकनांकडे १.५. दहाव्यात आघाडी सुमारे ५, म्हणून झुकाव ३.५. आठव्यात सुमारे ९, म्हणून ७.५. पहिल्यात डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने पुढे होत्या, म्हणून तिथला झुकाव डेमोक्रॅटांकडे २ च्या आसपास.

आता देशाचा कल त्यात मिसळा. त्यासाठी ‘काँग्रेससाठी कोणत्या पक्षाला मत द्याल’ असं विचारणाऱ्या चाचण्यांची सरासरी घ्या, एकटी चाचणी नको. समजा डेमोक्रॅट देशात ४ टक्क्यांनी पुढे आहेत. मग सातव्यात ते २.५ ने पुढे, दहाव्यात अर्ध्या टक्क्याने पुढे आणि आठव्यात ३.५ ने मागे, असा पाया मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ सोडून प्रत्येक मध्यावधीत अध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात जागा गमावल्या आहेत. त्यामुळे वारा कुठून वाहील हे साधारण ठाऊक असतं, त्याचा जोर मात्र दर महिन्याला नव्याने मोजावा लागतो.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात. मागच्या निकालातला फरक तसाच्या तसा वापरू नका, तेव्हा समोर कोण होतं ते आधी पाहा. आठव्यात रिपब्लिकन ब्रेसनहान जेमतेम दीड टक्क्याने जिंकले, म्हणून ती जागा अगदी काठावरची वाटते. पण त्यांच्यासमोर २०१३ पासून खासदार असलेले डेमोक्रॅट कार्टराइट होते. कार्टराइट यांची वैयक्तिक मतं नव्या डेमोक्रॅट उमेदवाराला आपोआप मिळणार नाहीत. पहिल्यात उलटा प्रकार आहे. हॅरिस तिथे निसटत्या पुढे असताना रिपब्लिकन खासदार फिट्झपॅट्रिक सुमारे १३ टक्क्यांनी जिंकले. नुसता झुकाव पाहून ती जागा डेमोक्रॅटांच्या खात्यात टाकणारे म्हणूनच वारंवार तोंडघशी पडतात. दहाव्यात रिपब्लिकन पेरी सव्वा टक्क्याच्या आसपास जिंकले, म्हणजे ट्रम्पपेक्षा जवळजवळ ४ टक्के मागे राहिले. माझ्या मते चार रिपब्लिकन खासदारांत कच्चा दुवा हाच.

जुने निकाल वापरताना २०२२ च्या मागे जाऊ नका. मतदारसंघांचा सध्याचा नकाशा त्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवला. त्याआधी जागा १८ होत्या आणि मतदारसंघाचा क्रमांक तोच असला तरी हद्द वेगळी होती.

गव्हर्नरच्या लढतीतली आघाडीही खासदारांच्या खात्यात जमा करू नका. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार शापिरो जवळपास १५ टक्क्यांनी जिंकले, तर त्याच दिवशी कार्टराइट आणि सातव्यातल्या डेमोक्रॅट खासदार वाइल्ड दोन-अडीच टक्क्यांनी निभावून गेले. शिवाय एका खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय या राज्याने २०१९ च्या कायद्याने काढून टाकली आहे.

मतदार नोंदणीचे आकडे राज्य सरकार नियमित प्रसिद्ध करतं. ते वाचावेत, पण सावधपणे. नैर्ऋत्येकडच्या जुन्या खाण-पोलाद पट्ट्यात वर्षानुवर्षं रिपब्लिकनांना मत देणारे लोक कागदावर डेमोक्रॅट राहिले. त्यांनी नोंदणी बदलली की आकडा हलतो, मत मात्र आधीच हललेलं असतं.

मतदारसंघातल्या चाचणीत बहुधा ४०० ते ५०० लोक असतात. ४०० च्या नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात सुमारे ५ टक्के चूक संभवते, आणि दोघांमधल्या अंतरात जवळपास दुप्पट. ४८ विरुद्ध ४५ ही आघाडी नव्हेच. उमेदवाराने स्वतः करून घेतलेली चाचणी बाहेर आली असेल तर ती सोयीची होती म्हणूनच आली, हे धरून चाला.

पैशाचे अहवाल केंद्रीय निवडणूक आयोगाकडे १५ जुलै आणि १५ ऑक्टोबरला येतात. एकूण जमा पाहण्याऐवजी हातातली शिल्लक पाहा, आणि उमेदवाराने स्वतःच दिलेलं कर्ज वेगळं काढा. मतदानाआधीच्या ६० दिवसांत टीव्ही वाहिन्यांना उमेदवारांना सर्वांत स्वस्त दर द्यावा लागतो, बाहेरच्या गटांना तो मिळत नाही. म्हणून उमेदवाराच्या खात्यातला डॉलर गटाच्या डॉलरपेक्षा जास्त जाहिराती विकत घेतो. पहिला आणि सातवा फिलाडेल्फियाच्या महागड्या टीव्ही बाजारात येतात, तिथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

मतदान रात्री ८ वाजता संपतं. टपाली मतपत्रिकाही तोपर्यंत काउंटी कार्यालयात पोचावी लागते, नुसता टपालाचा शिक्का पुरत नाही. हे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत. काही काउंट्या टपाली मतं आधी जाहीर करतात, काहींना उशीर होतो, आणि ही मतं मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटांची असतात. म्हणून साडेआठला दिसणाऱ्या आघाडीवर विसंबू नका. प्रत्येक काउंटीत टपाली किती मोजली, केंद्रांवरची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या आणि त्याच काउंटीच्या २०२२ च्या त्याच प्रकारच्या मतांशी ताडून पाहा.