बाटली उलटी करून वाचा

शांपू किंवा क्रीम घेताना पुढचं ‘नॅचरल’ सोडा, बाटली उलटी करा. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते. १ टक्क्याखालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने छापलेले चालतात. म्हणून शेवटच्या बारीक ओळी भिंग घेऊन का होईना, वाचायच्याच. तिथेच ‘डीएमडीएम हायडँटॉइन’ किंवा ‘क्वाटर्नियम-१५’ ही माल टिकवणारी रसायनं सापडतात. नावात फॉर्माल्डिहाइड (कर्करोगाशी जोडलेलं रसायन) कुठेच नाही, पण दोन्ही ते हळूहळू सोडत राहतात. ‘मिथाइलआयसोथायझोलिनोन’ हेही माल टिकवणारं रसायन, अ‍ॅलर्जीसाठी बदनाम; न धुता अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत युरोपीय संघाने २०१७ पासून त्याला बंदी घातली आहे.

‘परफ्यूम’ या एका शब्दाआड कितीतरी रसायनं दडू शकतात. ‘अनसेंटेड’वर भुलू नका (मी भुललो होतो), मूळ वास दाबायला त्यातही सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रेग्रन्स फ्री’ शोधा. गोरेपणाच्या क्रीमवर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरी’ दिसलं तर तो पारा. यादीच छापलेली नसेल, तरी जागच्या जागी ठेवून द्या.

घरातलं सगळं एकदम फेकू नका. दिवसभर अंगावर राहणारं लोशन आणि डिओ आधी बदला, साबण-शांपू नंतर. नवीन वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून बघा, मगच चेहऱ्याला.