मंत्र्यांचे अधिकार खाली देताना मसुदा कसा लिहायचा

साथ पसरली की डेस्कवर फोन येतो: "मॅडम, मंत्र्यांचे अधिकार जिल्ह्याला देऊन टाका, आजच आदेश काढा." कक्ष अधिकारी म्हणून मी असे मसुदे लिहिले, काही चुकवलेही. नव्यानं डेस्क हाती घेणाऱ्यांसाठी हे.

आधी मूळ कायदा उघडा. त्यात "मंत्री" बहुधा नसतोच, "राज्य शासन" असतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ खालच्या कार्यनियमावलीमुळे (शासनाचं कोणतं काम कोणाकडे, हे ठरवणारे नियम) तो विषय मंत्र्यांकडे येतो आणि आदेश निघतो "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". त्यामुळे अधिकार खाली द्यायची मुभा कोणत्या कलमात आहे ते शोधा आणि टिपणीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. कलम नसेल तर नुसत्या शासन निर्णयानं अधिकार तयार होत नाही. कोर्टात पहिल्याच तारखेला ते उघडं पडतं.

साथरोग अधिनियम, १८९७ घ्या. कलम २ मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: शासन कोणाही व्यक्तीला उपाययोजनेचा अधिकार देऊ शकतं, आणि तात्पुरते विनियमही करू शकतं. पहिली खाली द्या, दुसरी वरच ठेवा. नियम मंत्रालयात ठरावा, तो कुठल्या गल्लीत लावायचा ते जिल्ह्यानं ठरवावं. मार्च २०२० च्या कोविड नियमावलीचा साचा हाच होता. नियम शासनाचे, अंमल जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांसारख्या अधिकाऱ्यांचा.

माझी चूक सांगते. एका मसुद्यात मी "आवश्यक ती सर्व कार्यवाही करण्यास प्राधिकृत करण्यात येत आहे" असं लिहिलं. वाक्य भारदस्त, वरून दुरुस्तीही आली नाही. तिसऱ्या दिवशी एका तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा फोन: "मॅडम, या 'सर्व'मध्ये विहीर सील करणं येतं का? मालक कागद मागतोय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी क्रियापदं मोजून लिहायला लागले: तपासणे, नमुना घेणे, पाण्याचा स्रोत बंद ठेवणे, रुग्णाला विलगीकरणात ठेवणे. त्याखाली ओळ: "याव्यतिरिक्त कोणताही अधिकार या आदेशान्वये प्रदान होत नाही."

काय दिलेलं नाही ते लिहायची रीत अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये बघा. कलम ३०(३) नुसार अन्न सुरक्षा आयुक्त आपले अधिकार हाताखालच्यांना देऊ शकतो, पण पदनिर्देशित अधिकारी, अन्न सुरक्षा अधिकारी आणि अन्न विश्लेषक नेमण्याचा अधिकार सोडून. एका कंसात सगळं काम झालंय.

अधिकार पदाला द्या, नावाला नाही. बदलीचा आदेश तुमच्या शाईआधी सुटतो. पुढे कोणाला देता येईल का, तेही लिहा. गप्प राहिलात तर जिल्हा तालुक्याला देतो, तालुका ग्रामसेवकाला. मुदत तारखेनं घाला, "पुढील आदेशापर्यंत" नको. घर सील झालेल्या माणसानं दाद कोणाकडे, किती दिवसांत मागायची, हे नसेल तर नस्ती (फाइल) परत पाठवा. पुण्यात १८९७ साली रँडच्या प्लेग समितीला घरात शिरायचे अधिकार होते; लोकांच्या गाऱ्हाण्याची दखल कोणी घेतली नाही, त्याचं पुढे काय झालं ते शाळेत शिकलोच आहोत.

दंडाचा भाग बहुतेकजण विसरतात. साथरोग कायद्याचं कलम ३ पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ कडे, म्हणजे लोकसेवकाचा आदेश मोडण्याच्या गुन्ह्याकडे बोट दाखवायचं, आता तिथे भारतीय न्याय संहितेचं २२३ आलं. त्यासाठी नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र चालत नाही, संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. ती कोणी करायची ते पदनामासह आदेशातच लिहा, आणि "प्रत माहितीसाठी" खाली पोलीस अधीक्षक आहेत ना, ते सहीला पाठवण्याआधी बघा.