पीसीबी मिलिंग : नको ते तांबं आणि नेहमीच्या चुका

"दादा, सर्किट बरोबर आहे, पण चालत नाही." अंबडला माझ्या टेबलावर असा बोर्ड आला की मी आधी भिंग काढतो. दुखणं बहुतेक वेळा तांब्यातच सापडतं. पीसीबी म्हणजे तांब्याचा पातळ थर चिकटवलेला सर्किटचा बोर्ड, आणि मिलिंग म्हणजे त्यावरचं नको ते तांबं मशीनने कोरून काढणं.

नवी पोरं ट्रॅकच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेघेच्या, कडेने व्ही-बिट (टोकदार कटर) एकदा फिरवतात, ०.२ मिमीची चर पडते, की बोर्ड तयार! मधलं तांबं तसंच. ५ व्होल्टच्या एलईडीला हे खपतं, २३० व्होल्टला नाही. हे मी स्वतः भोगलंय. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदाराला मोटरसाठी रिलेचा बोर्ड करून दिला होता. फेज आणि न्यूट्रलमध्ये चांगलं ४ मिमी अंतर. पण शनिवारी द्यायचा होता, मधलं तांबं पूर्ण काढायला, म्हणजे क्लिअरिंगला, दीड तास जाणार होता, म्हणून मधली पट्टी राहू दिली. तिथेच फसलो. मधे तांब्याचं बेट असलं की ते ४ मिमी नावापुरते. एका चरीवरून बेटावर, बेटावरून पलीकडच्या चरीवर. खरं अंतर ०.२ अधिक ०.२. भर श्रावणात, दमट पहाटे फोन आला, "भाऊ, डब्यातून धूर येतोय." झाकण उघडलं तर बेटाच्या दोन्ही कडांना काळी रेघ. बोर्ड जळून झालेला कोळसा वीज वाहतो, त्यामुळे खरवडून भागलं नाही. नवा बोर्ड फुकट दिला, पेट्रोलही माझंच.

तेव्हापासून मेन्सच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या, भागातलं तांबं मी फ्लॅटकॅममध्ये (मशीनचा मार्ग आखणारं सॉफ्टवेअर) नॉन-कॉपर क्लिअरिंग लावून पूर्ण काढतो, ०.८ मिमीच्या एंड मिलने (सपाट टोकाचा कटर). व्ही-बिटने मैदान साफ करायला जाऊ नका, टोक जातं. बाकी बोर्डवर तांबं राहिलं तरी चालेल. फक्त पॅडभोवती (जिथे पार्टचे पाय सोल्डर होतात) दोन-तीन पास द्या, नाहीतर सोल्डर पलीकडे उतरतं.

दुसरी चूक खोलीची. एका कोपऱ्यात तांबं कापलं गेलं नाही की घाईवाले सरळ झेड, म्हणजे कटरची उंची, खाली ढकलतात. तांबं असतं ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिमी खोली भरपूर झाली. ०.१ टोकाची ६० अंशी बिट ०.१ खोलीला साधारण ०.२२ मिमी रुंद कापते, ०.३ खोलीला ०.४५. म्हणजे त्या कोपऱ्यापायी बाकीचे बारीक ट्रॅक गायब! दोष बोर्ड वाकलेला असण्याचा असतो. मी खाली अख्ख्या बोर्डभर डबल टेप लावतो, तळहाताने दाबतो, मग कँडलमध्ये (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) हाइट मॅप, म्हणजे बोर्डच्या उंचसखलपणाचं मोजमाप, घेतो. दहा मिनिटं जातात. ती नको असतील तर या धंद्यात पडू नका.

चरीत तांब्याची कुसळं राहतात. हिरव्या घासणीने घासा आणि सोल्डरिंगच्या आधीच मीटर लावून शॉर्ट तपासा. एफआर-४ची (बोर्डच्या फायबरग्लासची) धूळ म्हणजे काच, मास्कशिवाय मशीनजवळ जाऊ नका.

आणि पट्टी राहूनच गेली असेल, तर बोर्ड पुन्हा मशीनवर चढवू नका, झीरो (सुरुवातीचा बिंदू) जुळत नाही. दोन्ही कडांना कटरने रेघ मारा, गरम आयर्न पट्टीवर फिरवा, खालची पकड ढिली झाली की चिमट्याने टोक धरून ओढा. सावकाश ओढलं तर सालीसारखी निघते.